एक कोयता, दोन मते

ती घटना आजही आठवते, आणि खरे सांगतो, आठवली की या वयातही मान जरा ताठ होते. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी सांगायला बसला की लोकांना खून हवा असतो, दरोडा हवा असतो, निदान एखादा पाठलाग तरी. ते सगळे मी पाहिले आहे. पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो एका अशा तपासाचा, ज्यात रक्ताचा थेंब सांडला नाही की कुणाच्या घराची कडी तुटली नाही. चोरीला जाणार होती ती बेचाळीस माणसांची मते. माणसे अजून तिथेच राहतात, म्हणून कुणाचे नाव लिहीत नाही.

मी तेव्हा पुसदपासून तासाभरावरच्या एका लहान पोलीस स्टेशनचा ठाणेदार होतो. हद्दीत मोठी गावे कमी आणि बंजारा तांडे जास्त. दिवाळी झाली की तांड्यांवरची निम्मी माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि कुलपे. त्या दिवसांत आमचे कामही कमी व्हायचे. भांडणारेच गावात नसायचे.

अशाच एका सकाळी हजेरी आटोपून मी डायरी पाहत होतो, तेव्हा गावातला पंप दुरुस्त करणारा मिस्त्री आत आला. साठीचा मुसलमान माणूस. आसपासच्या सगळ्या तांड्यांवरच्या विहिरींच्या मोटरी त्याच्याच हातच्या. त्याच्या हातात तहसीलची नोटीस होती.

"साहेब, हे पाहा. म्हनते मी तांड्यावरच्या नऊ लोकाइच्या नावावर हरकत घेतली. ते कायमचे गाव सोडून गेले, त्याइचे नावं मतदार यादीतून काढा म्हनून. कसम से, मी असा कागद कधी पाह्यलाच नाई."

मी कागद उलटसुलट करून पाहिला आणि जे बोललो त्याची आजही लाज वाटते. म्हणालो, "मिस्त्री, हे तहसीलचे काम. तिथे जाऊन सांगा की हरकत माझी नाही. पोलीस स्टेशनला काय?"

तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"साहेब, सात दिवसानं सुनावनी हाये. तांडा खाली पडला, लोक ऊस तोडाले गेले. येईन कोन? नावं कटून जाईन. अन् होळीले लोक वापस आले का म्हनतीन, मिस्त्रीनं आमचे नावं कापले. मंग मी कोन्त्या तोंडानं त्याइच्या विहिरीवर जाऊ?"

हा प्रश्न मात्र पोलिसांचाच होता. मी त्याला बसवले, चहा सांगितला आणि हवालदाराला जुन्या पंचनाम्यांची फाइल काढायला लावली. दोन वर्षांपूर्वी एका केबल चोरीत हा मिस्त्री पंच होता. त्या पंचनाम्यावर त्याची सही होती, उर्दूत. तो पुसदच्या उर्दू शाळेत शिकलेला, जन्मात कधी दुसऱ्या लिपीत सही केली नव्हती. तहसीलमधल्या हरकतीवर त्याची सही निघाली ती मराठीत, वळणदार, शेवटी दोन टिंबे देऊन. ज्याने केली तो मिस्त्रीला ओळखत होता, पण त्याने त्याची सही कधी पाहिली नव्हती.

तहसीलदार बाईंना भेटलो. अशा अर्जांचा नमुना सात नंबरचा. एका दिवसात, एका गठ्ठ्यात, असे बेचाळीस अर्ज आवक झाले होते. हरकत घेणारे म्हणून गावातल्या पाच जणांची नावे, आणि ज्यांच्यावर हरकत ते सगळे एकाच तांड्याचे. कारण सगळीकडे एकच: कायमचे स्थलांतर. नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना नोटिसा गेल्या होत्या. गावातले गुरुजी मतदान केंद्राचे काम पाहत, ते तांड्यावर जाऊन आले आणि प्रामाणिकपणे शेरा मारून आले, "घर बंद, कुलूप."

बाई म्हणाल्या, "मला कागदावरून निर्णय द्यायचा असतो. हरकत आहे, घराला कुलूप आहे, समोर कुणी हजर नाही. मी काय करू?"

त्यांचे चुकत नव्हते. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. ठरलेल्या दिवशी विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव, तोच ग्रामपंचायतीचा मतदार. ज्याचे नाव नाही त्याला मत नाही, आणि त्याला उमेदवारी अर्जही भरता येत नाही. मी उरलेल्या चार हरकतदारांना बोलावून जबाब घेतले. चौघांनीही मिस्त्रीसारखेच सांगितले, असा कागद पाहिलाच नाही. तहसीलमार्फत फिर्याद आली, बनावट सह्या आणि खोट्या निवेदनाचा गुन्हा दाखल झाला. सुनावणीला पाच दिवस उरले होते. हरकती खोट्या आहेत एवढे सिद्ध होत होते, पण त्या केल्या कुणी हे सापडले नाही तर तोच माणूस दुसऱ्या नावांनी पुन्हा अर्ज देणार, हे उघड होते.

अर्जांच्या प्रती आवक क्रमांकाने लावून घेतल्या आणि हवालदाराला घेऊन तांड्यावर गेलो. तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, सत्तरीचा, पांढरा फेटा, कानात मुरकी. त्याने खाट टाकली. त्याला लिहिता-वाचता येत नाही. म्हणून हवालदाराने एकेक नाव वाचायचे आणि नायकाने तो माणूस सध्या कुठे आहे ते सांगायचे, असे ठरले.

दहाएक नावे झाली. सगळी नवरा-बायको, नवरा-बायको अशी. नायक तंबाखू मळत "गेला, गेली, गेला, गेली" करत होता. अकरावे नाव वाचून झाल्यावर हवालदार पान उलटत होता, तेवढ्यात नायकाने बाराव्या माणसाचे नाव सांगितले. हवालदाराने कागदात पाहिले. तेच होते. मी म्हणालो, पुढचे सांगा. त्याने सांगितले. तेही बरोबर. त्यापुढची सहा नावे त्याने एका दमात म्हटली, आणि सहाच्या सहा अर्जांत त्याच क्रमाने होती.

हवालदार माझ्याकडे पाहायला लागला. त्याला वाटले म्हातारा सामील आहे. खोटे कशाला सांगू, क्षणभर मलाही तेच वाटले.

"नायक, तुम्हाला हा क्रम कसा माहीत?"

तो हसला. "माहीत कसा नाई साहेब? हे तर टोळीची यादी हाये! दिवाळीनंतर गाडी निघाची राह्यते, तवा मी भोग लावतो. गुळ-तुपाचा. मुकादम बाजूले उभा राहून एकेक कोयत्याचं नाव घेते, अन् ते जोडपं पाया पडून गाडीत चढते. सगळे चढेस्तोवर मी जागेवरून हालत नाई. मायाच कानानं आयकलं हे सारं."

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधून वाहायची. बेचाळीस माणसे म्हणजे एकवीस कोयते, आणि टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमाची यादीही त्याच जोड्यांची. मतदार यादी घर क्रमांकाने चालते. जो कुणी मतदार यादी समोर ठेवून अर्ज भरेल त्याचे अर्ज घरांच्या क्रमाने येतील. हे आले होते गाडीत चढण्याच्या क्रमाने.

आणखी दोन गोष्टी नायकानेच दाखवल्या. एक जोडपे यादीत होते, पण गेलेच नव्हते. बाई निघण्याच्या आदल्या दिवशी बाळंत झाली, त्यांच्या जागी मुकादमाने ऐन वेळी दुसऱ्या तांड्यावरचे जोडपे घेतले. ती बाळाला घेऊन माहेरी गेलेली, म्हणून दिवसा त्या घरालाही कुलूप असे. "कायमचे स्थलांतर" झालेला तो नवरा मला समोरच्या वावरात कापूस वेचताना दिसत होता. म्हणजे अर्ज ज्या यादीवरून भरले ती निघण्याच्या आधीची होती.

दुसरी गोष्ट एका विधवेची. तिचे नाव आणि तिच्या भावाचे नाव अर्जांत शेजारी शेजारी होते. ती तांड्याच्या वरच्या टोकाला राहते, भाऊ खालच्या. मतदार यादीत त्यांच्यामध्ये तीन पाने आहेत. पण नवरा गेल्यापासून ती भावाबरोबर कोयता लावते, म्हणून टोळीच्या यादीत दोघे जोडीला.

"अन् साहेब, साऱ्यात मोठा घाव तिच्यावरच हाये," नायक म्हणाला. "यंदा बाईची जागा सुटली. तांड्यानं तिलेच उभं कराचं ठरवलं. ग्रामसभेत तिनं तोंडावर इचारलं होतं, पाईपलाईन कागदावर तांड्यापर्यंत आली, मंग पानी गावातच काहून थांबते? तवापासून उपसरपंचाचं डोकं फिरलं. तिचं नाव कटलं तर ती फारम कशी भरन?"

आता मला चोरीचा माल कळला होता आणि तो कुणाला हवा होता तेही कळले होते. बेचाळीस नावे हा सगळा पालापाचोळा, त्याखाली झाकायचे होते ते एक नाव.

मुकादमाला फोन लावला. तो कारखान्यावर होता. म्हणाला, हाताने लिहिलेली यादी त्याच्या खिशातच आहे. पण कारखान्याला टाइप केलेली लागते, म्हणून निघण्याच्या चार दिवस आधी गावातल्या सेवा केंद्रावर टाइप करून घेतली होती.

सेवा केंद्र चालवणारा तिशीचा, केस नीट बसवलेला, गोड बोलणारा. पंचांसमक्ष त्याचा संगणक जप्त केला, फाइल सापडली, आणि त्याला स्टेशनला आणले. लोकांना वाटते पोलिसांची चौकशी म्हणजे पट्टा आणि आरडाओरडा. माझा अनुभव वेगळा आहे. खोटे बोलणारा पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रश्न संपायच्या आत देतो, दुसऱ्याला पाणी मागतो. तिसरा प्रश्न विचारायची घाई करू नये. मी त्याला विचारले, तांड्याच्या लोकांचे अर्ज तू भरलेस का? "नाई साहेब, मले तर याच्यातलं काहीच मालूम नाई." उत्तर एवढे झटकन आले की ऐकूनच खात्री पटली.

मग मी टेबलावर डावीकडे त्याच्या संगणकातली टोळीची यादी ठेवली आणि उजवीकडे अर्ज, आवक क्रमांकाने. हवालदाराला चहा आणायला पाठवले. केंद्रवाला दोन्ही याद्या पाहत राहिला. एक, दोन, तीन. तेराव्या-चौदाव्या नावावर त्याची नजर थांबली.

"ही बाई आणि हा माणूस," मी विचारले, "यांची घरे तांड्याच्या दोन टोकांना. मतदार यादीत तीन पानांचे अंतर. तुझ्या यादीत शेजारी, अर्जांतही शेजारी. कसे काय?"

त्याने पाणी मागितले.

पाणी पिऊन झाल्यावर सगळे बाहेर आले. उपसरपंचाने त्याला सांगितले होते, जे गावात नाहीत त्यांची नावे पाहिजेत. मतदार यादीतून एकेक नाव शोधून, कोण गेले कोण राहिले ते विचारत बसायचे होते. "कंटाळा आला साहेब. म्हटलं टोळीची यादी तयारच हाये, तिच्यावरूनच उतरवून टाकू." अर्ज त्याने भरले, सह्या उपसरपंचाच्या माणसाने ठोकल्या. मिस्त्रीचे नाव मुद्दाम घातले होते, म्हणजे उद्या बोंब झाली तर तांडा आणि मोहल्ला आपसात भांडत बसतील. आळस माणसाला बुडवतो हे लहानपणी ऐकले होते. इथे त्याने एका तांड्याला तारले.

उपसरपंचाला ताब्यात घेतल्यावर फोन यायला लागले. एक सद्गृहस्थ फारच आवाज चढवून बोलले. मी शांतपणे विचारले, "आपण जे सांगताय ते मी स्टेशन डायरीत नोंदवतो. नाव काय लिहू?" फोन कट झाला. असे तीन फोन कट झाले. माझा हवालदार, जो दोन वर्षांत कधी हसला नव्हता, तो त्या दिवशी तोंडावर हात धरून बाहेर गेला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी मुकादमाला निरोप दिला की हरकती खोट्या निघाल्या आहेत, कुणी येण्याची गरज नाही, नावे सुरक्षित आहेत. तरी दुसऱ्या दिवशी तहसीलच्या पायऱ्यांवर ती विधवा बाई बसलेली. उसाच्या ट्रकने निम्मा रस्ता आणि दोन एसट्या बदलून आलेली. हाताला पाचटाचे ओरखडे, पायात भावाच्या चपला.

"बाई, मी तर येऊ नका म्हणालो होतो."

"साहेब, तुमी माह्यासाठी एवढं केलं. पन मी इथंच राह्यतो हे मी सोताच्या तोंडानं नाई सांगाचं तं कोन सांगन?"

मिस्त्री कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. ती आधी त्याच्याकडे गेली. "मिस्त्रीभाऊ, तुमचं नाव आयकलं तवाच मी म्हटलं, हे खोटं हाये. आमच्या मोटरीसाठी जो माणूस भर उन्हात विहिरीत उतरते तो आमचं नाव कायले कापन?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने रुमालाने चष्माच पुसला, डोळे तसेच राहिले.

तहसीलदार बाईंनी कामकाज पूर्ण नियमाने चालवले. पाचही हरकतदारांनी हरकत आपली नाही असे सांगितले. मग बाईंनी त्या विधवेला विचारले, "वर्षातले पाच-सहा महिने तुम्ही इथे नसता. आमच्या माणसाने पाहिले तेव्हा तुमच्या घराला कुलूप होते. मग तुमचे राहणे कुठले धरायचे?"

तिने पदराची गाठ सोडली. आत किल्ली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, आमी ऊस तोडाले जातो, राहाले नाई जात. जो गाव सोडून जाते तो घराले कुलूप कायले लावन? कुलूप लावलं म्हनजे वापस येनं हाये ना."

कायद्यात हे आहेच: कामासाठी तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे वास्तव्य सुटत नाही. बाईंनी निकालात तेच कलम लिहिले. मी तो कायदा परीक्षेसाठी पाठ केला होता, पण मला तो समजला त्या किल्लीमुळे. बेचाळीसही हरकती फेटाळल्या गेल्या.

दोषारोपपत्र मी माझ्या सहीने पाठवले. पुढचे काम न्यायालयाचे, त्यावर मी बोलत नाही.

मतदानाच्या दिवशी मी बंदोबस्तावर होतो. सकाळी दहाच्या सुमारास शाळेपुढे एक ट्रक थांबला. मुकादमाने दोन दिवस काम बंद ठेवून सगळी टोळी आणली होती. नायक फेटा बांधून वाटेवर उभा. मागे राहिलेले जोडपेही बाळाला घेऊन टोळीत येऊन मिळाले. सवयीने ती माणसे जोडी-जोडीने उतरली आणि तशीच चालत आली. शाळेच्या फाटकात माझ्या शिपायाने सांगितले, "बायांची रांग इकडे, पुरुषांची तिकडे." तिथे एकवीस कोयते सुटे झाले. जन्मभर जोडीने मोजलेली माणसे दोन रांगांत एकेकटी उभी राहिली. मला काय वाटले ते नीट सांगता येत नाही, पण टोपी सारखी करून मी ताठ उभा राहिलो एवढे आठवते.

ती विधवा मत देऊन बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई अजून ओली होती. ती उमेदवार होती, पण त्या क्षणी तिला त्याचे भान नव्हते.

"साहेब, उसाच्या फडात मी भावाची अर्धी राह्यतो. त्याच्यासंगंच मोजते मले. आज मी पुरी एक." मग सहज विचारले, "तुमचं झालं का मतदान?"

मी हसून टाळले. खरे उत्तर असे होते की मी आयुष्यात एकदाही मत दिले नव्हते. दर निवडणुकीत बंदोबस्त. दर तीन वर्षांनी बदली, नाव कुठल्या यादीत आहे याचा पत्ता नाही. बंदोबस्तावरच्या लोकांसाठी टपाली मतदानाचे अर्ज येत, मी शिपायांचे सगळे भरून घेई आणि माझा राहून जाई. बेचाळीस जणांच्या नावांसाठी जीव टाकणाऱ्या ठाणेदाराचे स्वतःचे नाव कुठेच नव्हते.

ती निवडून आली. तांड्याच्या नळाला पाणी आले तेव्हा तिने फोन केला होता. पुढे मी निवृत्त होऊन यवतमाळला घर केले, तेव्हाही केला. "साहेब, आता तरी नाव लावलं का?"

त्याच आठवड्यात मी नवीन मतदाराचा सहा नंबरचा अर्ज भरला, अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत उभा राहून. गंमत पाहा, चौकशीला कर्मचारी आल्या त्या दिवशी मी मुलीकडे मारेगावला गेलो होतो. त्यांनी शेरा मारला: घर बंद, कुलूप. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तहसीलमध्ये जाऊन उभा राहिलो. मी इथेच राहतो हे माझ्या तोंडाने सांगितले.

इतकी वर्षे लोक मला या प्रकरणातून काय शिकलात असे विचारतात. एवढेच शिकलो की माणूस कुठला आहे हे त्याच्या दाराच्या कुलपावरून ठरवू नये, आणि कुणी दारातून परत फिरून आला तर त्याचे दुसऱ्यांदा नक्की ऐकावे. मिस्त्री परत फिरला नसता तर मी काय केले असते, हा विचार मला आजही सुखाने बसू देत नाही.

गेल्या निवडणुकीत, एकोणसाठाव्या वर्षी, मी पहिल्यांदा मत दिले. बाहेर येऊन शाई वाळायच्या आत तिला फोन लावला. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. सदस्य झाली तरी ती फडावर जायची थांबलेली नाही.

"झालं का साहेब?"

"झालं."

"बरं झालं," ती म्हणाली. "आता तुमीबी पुरे एक."